साध्या चॅनेलवर बोलणारा सेट ट्रंकिंगवर मुका का होतो?

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करणाऱ्या तरुणाचा हा प्रश्न आहे. स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला एमपीटी १३२७ ट्रंकिंगचा जुना वॉकी-टॉकी हँडसेट त्याने बाहेर काढला. ट्रंकिंगमध्ये ठरलेलं चॅनेल नसतं, जे मोकळं असेल ते टॉवर प्रत्येक कॉलला वाटून देतो. साध्या चॅनेलवर सेट उत्तम चालतो, आवाज स्वच्छ, रेंजही बाकीच्या सेटांइतकीच. ट्रंकिंगवर टाकला की पडद्यावर 'नो सर्व्हिस' येतं आणि पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की नुसती टूं-टूं. शेजारचा दुसरा सेट त्याच वेळी, त्याच जागी ट्रंकिंगवर बिनतक्रार चालतो. त्याचं म्हणणं असं : "आतली ट्रंकिंग कंट्रोलरची आयसी गेली असणार. ती ओळखायची कशी, आणि ती नेमकं काम काय करते?"

आयसी मागवण्याआधी जरा थांबा. अंबडला माझ्या टेबलावर गेली पंचवीसेक वर्षं असे सेट येतात, आणि त्यांतली मोडेमची किंवा मायक्रोकंट्रोलरची आयसी खरोखर मेलेली असं बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच झालंय. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे : साधं चॅनेल सेटकडून जे मागत नाही, असं ट्रंकिंग काय मागतं? ते कळलं की बिघाड कुठल्या गल्लीत शोधायचा तेही कळतं. साध्या चॅनेलवर समोरून ऐकणारा माणसाचा कान असतो आणि तो पुष्कळ काही खपवून घेतो. ट्रंकिंगवर ऐकणारं सर्किट असतं, त्याला एक बिट चुकलेलाही चालत नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी 'कंट्रोलर' या शब्दाचा घोळ मिटवू. ट्रंकिंगमध्ये कंट्रोलर दोन असतात, एक टॉवरखालच्या खोलीत आणि एक तुमच्या हातात. दिवाळीच्या गर्दीतला ठक्कर बाजार स्टँड आठवा. रोजचे ठरलेले फलाट मोडीत निघतात, वाहतूक नियंत्रक माइकवरून पुकारतो की पुण्याची गाडी अमुक फलाटाला लागतेय, आणि जो फलाट रिकामा तो पुढच्या गाडीला मिळतो. टॉवरचा कंट्रोलर म्हणजे हा नियंत्रक, त्याचा माइक म्हणजे कंट्रोल चॅनेल आणि फलाट म्हणजे बोलण्याची चॅनेलं. हँडसेटमधला कंट्रोलर मात्र बाकावर कान टवकारून बसलेला प्रवासी. तो काहीच ठरवत नाही. पुकारा ऐकायचा, आपली गाडी आहे का ते ओळखायचं आणि झटकन त्या फलाटावर पोचायचं. तुमच्या सेटमधल्या प्रवाशाला पुकारा कळत नाहीये. तो बहिरा झालाय, की त्याला भाषा उमगत नाहीये, की बिचारा चुकीच्या स्टँडवर बसलाय, एवढंच शोधायचं आहे.

सेटचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे पिन नंबरासकट सांगता येणार नाही. नव्वदच्या दशकातल्या काही सेटांत लॉजिकचा वेगळा बोर्ड आणि त्यावर वेगळी मोडेम आयसी असायची. पुढच्या सेटांत हे काम मुख्य प्रोसेसरच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं आणि बोट ठेवून दाखवावी अशी 'ट्रंकिंगची आयसी' उरलीच नाही. पण कामाची वाटणी दोन्हीकडे तीच. टॉवरकडून आलेला आवाज बिट्समध्ये फोडणारा मोडेम, त्या बिट्सचा अर्थ लावणारा मायक्रोकंट्रोलर, 'मी कोण आणि कुठल्या नेटवर्कचा' हे लिहून ठेवलेली ईईप्रॉम, आणि सांगितलेल्या फ्रिक्वेन्सीवर उडी मारणारा सिंथेसायझर. ट्रंकिंग कंट्रोलर म्हणजे या चौघांचं संगनमत. एकाने दगा दिला तरी पडद्यावर 'नो सर्व्हिस'च येतं, म्हणून लोक फसतात.

आता पुकारा म्हणजे काय ते जवळून बघू. एमपीटी १३२७ हे ब्रिटनमध्ये १९८८ साली आलेलं मानक. यात डेटा सेकंदाला १२०० बिट या वेगाने, ऐकू येईल अशा सुरांत जातो. '१' साठी १२०० हर्ट्झचं पूर्ण एक आवर्तन, '०' साठी १८०० हर्ट्झची दीड आवर्तनं. दोन्हींना वेळ सारखाच लागतो, ८३३ मायक्रोसेकंद. दर ६४ बिटांचा एक कोडवर्ड, त्यात ४८ बिट माहितीचे आणि १६ बिट पडताळणीचे. दोन कोडवर्ड मिळून १२८ बिटांचा एक स्लॉट, म्हणजे सुमारे १०७ मिलिसेकंद. कंट्रोल चॅनेलवर अशा स्लॉटांची न थांबणारी रांग चालू असते. साध्या रिसिव्हरवर ऐकलीत तर एकसारखी घरघर ऐकू येते, तिच्यात सेकंदाला नवाच्या आसपास ठेका असतो. सवय झाली की त्या ठेक्यावरून मी चॅनेल ओळखतो. घरच्यांना तो आवाज अजिबात आवडत नाही, ते सोडा.

पडताळणीचे १६ बिट इथे फार महत्त्वाचे. आलेल्या ४८ बिटांवरून सेट स्वतः हिशेब करतो आणि सोबत आलेल्या १६ बिटांशी ताडून बघतो. जुळलं नाही तर बरेच सेट तो कोडवर्ड सरळ टाकून देतात. समजा शंभरात एक बिट चुकतोय. तुम्ही बोलणं ऐकत असता तर एवढ्या खरखरीकडे लक्षही गेलं नसतं. पण ६४ च्या ६४ बिट बरोबर येण्याची शक्यता आता जेमतेम ५३ टक्के उरते, आणि अख्खा स्लॉट शाबूत येण्याची २८ टक्क्यांच्या आत. म्हणजे चारातले तीन स्लॉट वाया. मग मायक्रोकंट्रोलर म्हणतो, हे चॅनेल भरवशाचं नाही, दुसरं शोधू. तुमच्या कानाला जो सेट ठणठणीत वाटतो, तो ट्रंकिंगच्या हिशेबात आजारी असू शकतो तो असा.

सेट चालू केल्यावर काय घडतं? मायक्रोकंट्रोलर ईईप्रॉममधून कंट्रोल चॅनेलांची यादी काढतो आणि एकेकावर जाऊन कान लावतो. आधी ठरावीक १६ बिटांचा सिंक शब्द शोधतो. तो सापडला की बिटांची मोजणी कुठून सुरू करायची ते कळतं. त्यानंतर नेटवर्कची ओळख वाचतो, ती ईईप्रॉममधल्या ओळखीशी जुळली तर तिथे थांबतो, नाहीतर पुढच्या चॅनेलवर. बऱ्याच नेटवर्कमध्ये यानंतर 'मी आलोय' अशी नोंदणी करावी लागते, म्हणजे सेट तुम्ही काही न दाबता स्वतःहून क्षणभर ट्रान्समिट करतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पीटीटी दाबल्यावरची धावपळ याहून मजेशीर. टॉवर मधूनमधून जाहीर करतो की पुढचे अमुक इतके स्लॉट विनंत्यांसाठी मोकळे आहेत. सगळ्यांनी एकदम ओरडायला नको म्हणून तुमचा सेट त्यांतला एक स्लॉट नशिबावर निवडतो. तेवढ्यात त्याला रिसिव्हर थांबवायचा असतो, सिंथेसायझर ट्रान्समिटच्या फ्रिक्वेन्सीवर न्यायचा असतो, लॉक झालाय (म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर स्थिरावलाय) याची खात्री करायची असते, पॉवर चढवायची असते, आणि मग विनंतीचा कोडवर्ड सोडून परत ऐकायला यायचं असतं. त्या कोडवर्डमध्ये तुमचा २० बिटांचा पत्ता असतो, ७ बिट गटाचे आणि १३ बिट तुमचे. टॉवरने विनंती ऐकली, समोरचा सेट हजर आहे का ते तपासलं, की 'अमुक चॅनेलवर जा' असा हुकूम येतो. दोन्ही सेट तिथे उडी मारतात, मायक्रोकंट्रोलर आवाजाचं गेट उघडतो आणि तुम्हाला बोलायची परवानगी देणारा बीप ऐकू येतो. तुमच्या लेखी हे सगळं अर्ध्या-पाऊण सेकंदाचं काम. सेटच्या लेखी त्यातला एकेक मिलिसेकंद मोजलेला.

इथे सिंथेसायझरची खरी परीक्षा होते. उदाहरणादाखल, रिसिव्हरचा आयएफ (आलेला सिग्नल आत ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात ती) ४५ मेगाहर्ट्झ आहे आणि टॉवर ४६० वर बोलतो, ४५० वर ऐकतो असं धरा. ऐकताना सेटचा ऑसिलेटर ४१५ वर असेल, तर बोलताना त्याला थेट ४५० वर जायचं, म्हणजे ३५ मेगाहर्ट्झची उडी. ऑसिलेटरला ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर धरून ठेवणाऱ्या सर्किटला पीएलएल म्हणतात. त्याच्या लूप फिल्टरमध्ये काही कपॅसिटर आणि रेझिस्टर असतात, ते ही उडी किती लवकर स्थिरावेल ते ठरवतात. फिल्टर मोकळा ठेवला तर लॉक पटकन होतं पण फ्रिक्वेन्सीत कचरा येतो, आवळून ठेवला तर सिग्नल स्वच्छ पण लॉक सावकाश. ट्रंकिंगच्या सेटांत यावर तोडगा म्हणून उडीच्या क्षणापुरता फिल्टर मोकळा सोडून मग आवळतात. त्यातला एखादा कपॅसिटर गळायला लागला की लॉकला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. साध्या चॅनेलवर हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण आपण पीटीटी दाबून श्वास घेतो आणि मगच "हॅलो" म्हणतो. ट्रंकिंगमध्ये तोवर स्लॉट निघून गेलेला असतो.

माझ्याकडे आलेले दोन सेट सांगतो, म्हणजे हे नुसतं पुस्तकी वाटणार नाही.

पहिला इगतपुरीच्या पावसात वर्षानुवर्षं वापरलेला. तक्रार शब्दशः तुमचीच. मी कंट्रोल चॅनेलची फ्रिक्वेन्सी साध्या चॅनेलसारखी, फक्त ऐकण्यापुरती प्रोग्राम केली. घरघर अगदी स्वच्छ. म्हणजे अँटेनापासून डिस्क्रिमिनेटरपर्यंत (रेडिओ सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा भाग) सगळं ठीक. मग लहर पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपची एक प्रोब डिस्क्रिमिनेटरच्या आउटपुटवर आणि दुसरी मोडेमच्या इनपुट पिनवर. पहिल्या ठिकाणी गोलसर सुंदर लहर, दुसऱ्या ठिकाणी त्याच लहरीचं वरचं डोकं कापलेलं. ५ व्होल्टवर चालणाऱ्या त्या मोडेमचा इनपुट अडीच व्होल्टच्या आसपास बसायला हवा होता, तो ३.६ व्होल्टवर चढून बसला होता. या दोन बिंदूंच्या मध्ये एक छोटासा एसएमडी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या बुडाशी हिरवट डाग, ट्रॅकवर ओलसर चिकट थर, आणि सोल्डरिंग आयर्न टेकवताच माशासारखा वास. आतलं रसायन बाहेर आलं होतं आणि त्या गळतीतून डीसी मोडेमपर्यंत पोचत होता. कपॅसिटर काढला, जागा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ब्रशने घासून धुतली, कुरतडलेल्या ट्रॅकवर बारीक तार टाकली, नवा सिरॅमिक बसवला. सेट चालू करताच आठ-दहा सेकंदांत नोंदणी झाली. बोलण्याचा आवाज डिस्क्रिमिनेटरनंतर वेगळ्या वाटेने जात होता, म्हणून साध्या चॅनेलवर याचा मागमूसही नव्हता.

दुसरा निफाड बाजूचा. डिसेंबरात सकाळी 'नो सर्व्हिस', ऊन चढलं की आपोआप बरा. द्राक्षबागायतदारांना थंडीची धास्ती असते तशी या सेटलाही होती. ग्राहक दुपारी बारा वाजता दुकानात यायचा आणि सेट माझ्यासमोर शहाण्यासारखा वागायचा. शेवटी सेट ठेवून घेतला, रात्रभर फ्रिजमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून, दह्याच्या भांड्याशेजारी. सकाळी काढल्या काढल्या डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, सिग्नल हवेत न सोडणारा भार) लावून सर्व्हिस मॉनिटरवर, म्हणजे रेडिओ तपासायच्या यंत्रावर मोजला तर फ्रिक्वेन्सी १८०० हर्ट्झने सरकलेली. खिशात गरम झाला की फरक ४०० हर्ट्झच्या आत यायचा. रेफरन्सचा टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी सांभाळणारा क्रिस्टल ऑसिलेटर, म्हातारा झाला होता. साधारण अडीच पीपीएमचा (दहा लाखांत अडीच भाग इतकाच चुकणारा) टीसीएक्सओ धडधाकट असेल तर ४०० मेगाहर्ट्झला हजारेक हर्ट्झच्या आत राहतो. १८०० हर्ट्झ सरकल्यावर सिग्नल आयएफ फिल्टरच्या कडेला घासतो. बोलणं थोडं चिरकं होतं, आपण म्हणतो "आज आवाज बसलाय त्याचा". डेटाचे सूर मात्र वेडेवाकडे होतात आणि बिट पडायला लागतात.

आता तुमच्या सेटकडे. पहिल्यांदा चांगल्या सेटची बॅटरी याला लावा, कारण ट्रान्समिटच्या झटक्याला जुनी बॅटरी बसते आणि प्रोसेसर गोंधळतो. हे फुकटात तपासून होतं. मग सेट बंद करून चालू करा आणि ट्रान्समिटच्या लाल दिव्याकडे टक लावून बघा. काही सेकंदांत तो क्षणभर लुकलुकला, तर सेटने पुकारा ऐकलाय, समजून घेतलाय आणि नोंदणीचा प्रयत्न केलाय. मग बिघाड बोलण्याच्या बाजूला किंवा पत्त्यात. दिवा लागलाच नाही तर ऐकण्याच्या बाजूला, किंवा यादीतच चुकीची चॅनेलं. शेजारचा चांगला सेट हाताशी आहे हे तुमचं मोठं भांडवल. दोघांचा कोडप्लग (सेटमध्ये भरलेली प्रोग्रामिंगची माहिती) वाचून समोरासमोर ठेवा. नेटवर्कची ओळख, कंट्रोल चॅनेलांची यादी, चॅनेल नंबरापासून फ्रिक्वेन्सी काढायचं सूत्र, हे सगळं ताडून बघा. स्टोअरमध्ये पडलेला सेट म्हणालात म्हणून माझा पहिला संशय खरं तर इथेच आहे. मधल्या वर्षांत नेटवर्कची चॅनेलं बदलली असतील आणि या बिचाऱ्याला कोणी कळवलंच नसेल. तसं असेल तर सोल्डरिंग आयर्न तापवायचीही गरज नाही. फक्त चांगल्या सेटचा पत्ता यात जशाचा तसा कॉपी करू नका. एकाच पत्त्याचे दोन सेट नेटवर्कवर आले की दोघांचे कॉल एकमेकांत अडकतात, आणि तो घोळ निस्तरताना नेटवर्क सांभाळणारा माणूस तुमच्या नावाने खडे फोडेल.

कोडप्लग जुळला तरी सेट मुकाच राहिला, तर इगतपुरीच्या सेटसारखी घरघर ऐकणं, दोन प्रोब आणि मोडेमच्या इनपुटवरच्या बायसचं, म्हणजे तिथे कायम असलेल्या डीसी व्होल्टेजचं मोजमाप. दिवा लुकलुकतोय पण नोंदणी होत नाही, तर फ्रिक्वेन्सीचा फरक आणि डेटाचं डेव्हिएशन (डेटामुळे फ्रिक्वेन्सी मध्यापासून किती हलते ते) मोजा. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलला ते दीड किलोहर्ट्झच्या आसपास हवं. आवाजाचं डेव्हिएशन बरोबर आहे म्हणून डेटाचंही असेल असं धरू नका, बऱ्याच सेटांत दोन्हींचं ॲडजस्टमेंट वेगवेगळं असतं.

तुम्ही जाता जाता विचारलंय की डिजिटल सेटांतही असंच असतं का. तत्त्व तेच, सहनशक्ती आणखी कमी. डीएमआर या डिजिटल मानकात १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर ३० मिलिसेकंदांचे दोन टाइमस्लॉट आलटून पालटून चालतात आणि डेटा चार पायऱ्यांत जातो. मध्यापासून ६४८ हर्ट्झ किंवा १९४४ हर्ट्झ, वर किंवा खाली. दोन पायऱ्यांमधली सीमारेषा १२९६ हर्ट्झला. आता सेट हजार हर्ट्झने सरकला तर ६४८ ची पायरी १६४८ दिसते, सीमा ओलांडते आणि सेट ती १९४४ म्हणून वाचतो. असा घसरलेला मध्य सेट बऱ्याच अंशी स्वतः सावरून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे. टेट्रा या दुसऱ्या डिजिटल मानकात तर एका २५ किलोहर्ट्झच्या कॅरियरवर चार टाइमस्लॉट, म्हणजे वेळेचा हिशेब आणखी कडक. फरक एवढाच की तिथे स्कोप लावून बिघाड डोळ्यांनी पाहण्याची मजा उरलेली नाही, सगळं डीएसपीच्या (सिग्नलवर आकडेमोड करणाऱ्या प्रोसेसरच्या) पोटात. इगतपुरीच्या सेटसारखा हिरवा डाग तिथे दिसत नाही.

परवान्याचंही बोलायला हवं. तुमच्या कंपनीचं नेटवर्क तुमच्या परवान्यावर आहे, तेव्हा त्याच नेटवर्कच्या सेटचं काम नेटवर्क सांभाळणाऱ्याला सांगून करा आणि टेबलावरचं ट्रान्समिट डमी लोडवर ठेवा. सिंहस्थ जवळ आला की माझ्याकडेही लोक कुठूनतरी मिळालेले ट्रंकिंगचे सेट घेऊन येतात, "हा पोलिसांच्या लाइनला जोडून द्या" म्हणून. त्यांना चहा पाजतो आणि सेट परत देतो. बिनपरवाना ट्रान्समिट करणं हा गुन्हा आहे, आणि नोंदणी नसलेला सेट नेटवर्क दारातही उभा करत नाही.

कोडप्लग ताडून झाला की कळवा. तरीही सेट मुका असेल तर मोडेमच्या इनपुटचं बायस किती व्होल्ट आणि फ्रिक्वेन्सी किती हर्ट्झने सरकलीय, हे दोन आकडे लिहा. दुसरा आकडा सकाळी, सेट थंड असताना घेतलेला हवा.